धुतलेला डाग वाळल्यावर परत का उमटतो आणि त्यावर नेमकं काय लावायचं

हळदीच्या कार्यक्रमातले पांढरे कुर्ते आमच्या दुकानात दोन रंगांत येतात. ज्यांनी घरी हात लावला नाही त्यांचे पिवळे, आणि ज्यांनी घाईघाईने साबण चोळला त्यांचे लाल. लाल झालेला कुर्ता घेऊन येणारी माणसं जास्त घाबरलेली असतात, पण दोन्ही कुर्त्यांवरचा डाग एकच असतो.

सांगलीत गेली १९ वर्षं मी लॉन्ड्री सांभाळते. गाव हळदीच्या पेठेचं, त्यात बोअरचं जड पाणी, त्यामुळे कपड्यांच्या तक्रारींना तोटा नाही. पण एक तक्रार इतर सगळ्यांपेक्षा जास्त ऐकते : "ताई, धुतल्यावर गेला होता हो. वाळला आणि परत दिसायला लागला." या एका वाक्यामागे सात-आठ निरनिराळी कारणं असतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा. एकाचा इलाज दुसऱ्याला केला की डाग पक्का होतो, कधी कापड जातं, कधी ओटा जातो. म्हणून बाटली उघडण्याआधी तपासणी. ती मी ज्या क्रमाने करते त्याच क्रमाने इथे लिहिली आहे. सुरुवातीच्या तपासण्यांना पैसे लागत नाहीत.

लक्षणं : तुमचा डाग यातला कोणता?

• कापड ओलं असताना डाग दिसत नाही, वाळलं की त्याच जागी गडद, तेलकट वलय दिसतं. शर्टाचं पोट, साडीचा पदर, उशीचा अभ्रा या त्याच्या नेहमीच्या जागा.

• पिवळा डाग साबण लागताच लाल किंवा विटकरी होतो.

• धुताना काहीच दिसत नव्हतं, पण इस्त्री फिरवली आणि पिवळसर तपकिरी ठिपका उठला. किंवा कपाटातून सहा महिन्यांनी साडी काढली तर तिच्यावर कधी न पाहिलेला डाग.

• सोफा किंवा गादी पुसली, स्वच्छ झाली, आणि दुसऱ्या दिवशी डाग परत वर आला. वर नवं, पहिल्यापेक्षा मोठं वलय.

• पांढऱ्या कपड्यावर नारिंगी-तपकिरी ठिपके, ब्लीच लावल्यावर आणखी गडद होणारे.

• ओट्यावर किंवा फरशीवर पांढुरका चट्टा. ओल्या फडक्याने पुसला की गायब, वाळला की हजर.

• नळ, काच, बाथरूमच्या टाइल्सवर पांढरे थेंब-थेंब ठिपके. पुसून काही तासांत परत.

एकाच कपड्यावर दोन लक्षणं असू शकतात. आमटी सांडली की तेलाचाही डाग पडतो आणि हळदीचाही, आणि ते दोन वेगवेगळ्या टप्प्यांतच निघतात.

तपासणी होईपर्यंत हे थांबवा

इस्त्री करू नका. गरम पाणी ओतू नका. "अजून एकदा मशीनला लावून बघू" असं म्हणून कपडा परत मशीनमध्ये टाकू नका. उष्णतेने दूध, अंडं, रक्त यांतली प्रथिनं धाग्यावर गोठतात, फळांच्या रसातली साखर करपून तपकिरी होते. आमच्याकडे येणारे जे डाग शेवटपर्यंत निघत नाहीत, त्यांतल्या बहुतेकांवर आधी इस्त्री फिरलेली असते.

आणि दोन बाटल्या कधीही एकत्र करू नका. कपड्यांच्या नेहमीच्या ब्लीचमध्ये, म्हणजे क्लोरीनच्या ब्लीचमध्ये, सोडियम हायपोक्लोराइट असतं. त्यात टॉयलेट क्लीनर, व्हिनेगर किंवा लिंबू, म्हणजे कुठलंही आम्ल पडलं, की क्लोरीन वायू सुटतो. अमोनिया असलेला काचेचा क्लीनर पडला तरी विषारी वायू होतो. लहानशा बंद बाथरूममध्ये हा जिवावरचा खेळ आहे. चुकून झालंच तर पुसत बसू नका. लगेच बाहेर या, दार-खिडक्या उघड्या टाका, खोकला किंवा छातीत जळजळ थांबत नसेल तर दवाखाना गाठा.

पहिली तपासणी : उन्हाच्या उजेडात दोन्ही बाजूंनी पाहा

खर्च शून्य. ट्यूबलाइटखाली हळद आणि चहा सारखेच दिसतात, म्हणून कपडा अंगणात किंवा खिडकीत न्या. उलट्या बाजूने पाहा, नखाने हलकं खरवडा, वास घ्या. वरच्या बाजूला जाडसर थर असेल तर काही वाळून बसलंय, ते आधी चमच्याच्या कडेने उचला. डाग दोन्ही बाजूंना सारखाच असेल तर पातळ पदार्थ आरपार गेलाय, आणि औषध उलट बाजूने लावायचं. वरून लावलं तर डाग आणखी आत ढकलला जातो.

इथेच हेही ठरवायचं की हा डाग तरी आहे का. गडद कपड्यावर भोवतालपेक्षा फिका चट्टा दिसत असेल तर तिथे काही लागलेलं नाही, तिथला रंग गेला आहे. ब्लीचचा शिंतोडा, चेहऱ्याची क्रीम, डिओडरंट, बहुतेक वेळा यांतलंच काहीतरी. गेलेला रंग कुठल्याही डाग काढणाऱ्या औषधाने परत येत नाही. तिथे थांबा आणि रंगाऱ्याकडे जा. फिक्या चट्ट्यावर तीन-तीन औषधं चोळून लोक शेवटी भोक पाडून आणतात, ते बघवत नाही.

दुसरी तपासणी : पाण्याचा एक थेंब

वाळलेल्या डागावर बोटाने पाण्याचा एक थेंब ठेवा. दुसरा थेंब त्याच कपड्याच्या स्वच्छ भागावर. स्वच्छ भागात थेंब जिरला आणि डागावर मोत्यासारखा उभा राहिला, तर आत अजून तेल आहे. दोन्हीकडे उभा राहिला तर कापडाला कंपनीचं फिनिश असेल, त्यावरून निष्कर्ष काढू नका.

ही तपासणी मला सगळ्यात मोलाची वाटते, कारण वाळल्यावर परत उमटणाऱ्या डागांत पहिला नंबर तेलाचा. ओल्या कापडात तेल आणि पाणी दोन्ही सारखेच गडद दिसतात, म्हणून धुताना वाटतं डाग गेला. पाणी उडून जातं, तेल राहतं.

इलाज स्वस्त आहे : भांडी घासायचं लिक्विड. पण ते कोरड्या कापडावर लावायचं. आधी भिजवलं तर धाग्यात पाणी बसतं आणि लिक्विड तेलापर्यंत पोचत नाही. दोन-तीन थेंब, बोटाने हलकं चोळा, १५ मिनिटं ठेवा, मग कोमट पाण्याने धुवा. तेलाला कोमट पाणी चालतं, पण त्याबरोबर दूध किंवा अंडं सांडलेलं नाही याची खात्री असेल तरच. वाळवा, परत थेंब ठेवून पाहा. जुन्या डागाला हेच दोनदा करावं लागतं. सुती कपड्याला आणि पॉलिस्टरला हे चालतं. पॉलिस्टर तेल जास्त धरून ठेवतं, त्याला धीराने घ्या.

रेशमी साडीवर तेल ताजं असेल तर पाणी अजिबात नको. टाल्कम पावडर भुरभुरा, रात्रभर ठेवा, मऊ ब्रशने झटका. उरलेलं ड्रायक्लीनिंगला द्या.

तिसरी तपासणी : लिंबाचा एक थेंब, म्हणजे हळदीची परीक्षा

आता त्या लाल कुर्त्याकडे येऊ. हळदीतलं रंगद्रव्य कर्क्युमिन. आम्लात ते पिवळं राहतं, क्षारात लाल होतं. शाळेत हळदीचा कागद करून साबणाचं पाणी लावायचा प्रयोग आपण सगळ्यांनी केलाय. जुन्या पद्धतीचं कुंकू हळदीत चुना मिसळून होतं ते याच गुणावर. कपडे धुण्याचा साबण आणि पावडर क्षारधर्मी असतात, खायचा सोडाही क्षारच. म्हणून साबण लागताच डाग लाल होतो. काही नवीन घडलेलं नसतं.

परीक्षा अशी : लाल डागाच्या कडेला लिंबाच्या रसाचा एक थेंब. मागच्या लग्नसराईत एक मुलगी भावाचा कुर्ता घेऊन आली होती, डोळे पाण्याने भरलेले. काउंटरवरच तिच्यासमोर बाहीवर थेंब सोडला. थेंब पसरला तसतसा त्याच्या कडेपर्यंतचा लाल रंग पिवळा होत गेला, एखाद्या रुपयाएवढा पिवळा गोल उरला आणि भोवती लाल रिंगण. रंग असा उलटला म्हणजे डाग हळदीचा आहे आणि कापडात साबण शिल्लक आहे. तिथून पुढचं काम सोपं.

आधी साध्या पाण्यात दोनदा खळबळून काढा. बोअरच्या पाण्यात हे जास्त गरजेचं, कारण जड पाण्यात साबणाचा चिकट साका कापडावर बसतो आणि वाळल्यावर तोच मळकट डागासारखा दिसतो. शेवटच्या पाण्यात अर्ध्या बादलीला दोन चमचे पांढरं व्हिनेगर घातलं की साबण निघून जातो. अनेक "परत आलेले" डाग एवढ्यानेच जातात.

पण लिंबाने हळद जात नाही, नुसती पिवळी होते. हे नीट समजून घ्या, कारण बरेच जण लाल रंग गेला म्हणजे काम झालं असं धरून इस्त्री करतात. कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही. तेलात विरघळतं आणि स्पिरिटमध्ये विरघळतं. फोडणीतलं तेल हळदीला बरोबर घेऊन धाग्याच्या आत शिरतं, म्हणून भाजीचा डाग काढताना पहिलं काम तेलाचं, दुसरं हळदीचं. उलट क्रमाने केलं तर दोन्ही राहतात.

हळदीवर मी पुढच्या क्रमाने जाते.

ऊन. फुकट आणि सगळ्यात भरवशाचं. कर्क्युमिन उजेडात तुटतं. तेल आणि साबण काढलेला ओला कपडा डागाची बाजू वर करून सकाळी १० ते दुपारी ३ च्या उन्हात घाला, वाळला की परत ओला करा. पांढरं सुती कापड दोन-तीन दिवसांत पुष्कळ निवळतं. पिवळा पडलेला प्लॅस्टिकचा डबा किंवा मिक्सरच्या भांड्याचं झाकणही असंच उन्हात ठेवा. रंगीत कपड्याला मात्र हे नको, हळदीबरोबर त्याचा रंगही उडतो.

स्पिरिट. औषधाच्या दुकानातलं सर्जिकल स्पिरिट. डागाखाली जुन्या पांढऱ्या बनियनची घडी ठेवा, वरून स्पिरिटचा बोळा टेकवत राहा, घासू नका. खालच्या घडीवर पिवळा ठसा उतरलेला दिसेल. घडी फिरवून कोरा भाग खाली घ्या, परत टेकवा. ठसा उतरायचा थांबला की थांबा. गॅस आणि देवाजवळच्या समईपासून लांब, खिडकी उघडी ठेवून करा. ॲसिटेट कापडाला, म्हणजे रेशमासारख्या चकचकीत कृत्रिम कापडाला, आणि छापील रंगांना स्पिरिट चालत नाही. बॉलपेनच्या शाईलाही हीच युक्ती लागू पडते.

हायड्रोजन पेरॉक्साइड. औषधाच्या दुकानात साधारण ६ टक्क्यांचं मिळतं, बाटलीवर पाहून घ्या. तेवढंच पाणी मिसळून ते ३ टक्के करा. पांढऱ्या सुती कपड्यावर उलट बाजूने लावा, १५-२० मिनिटं ठेवा, वाळू न देता धुवा.

ऑक्सिजन ब्लीच. पाकिटावर सोडियम परकार्बोनेट लिहिलेलं पाहा. लिटरभर गरम पाण्यात, म्हणजे हात घालता येईल इतक्याच गरम, एक मोठा चमचा. उघड्या प्लॅस्टिकच्या बादलीत तासभर ते चार तास. ही पावडर क्षारधर्मी आहे, त्यामुळे हळदीचा डाग आधी लालभडक होईल आणि मग फिका पडत जाईल. त्या लाल टप्प्यावर घाबरून कपडा बाहेर काढू नका. हे पाणी बाटलीत बंद करून ठेवू नका, आत वायू साठून बाटली फुटते.

क्लोरीनचं ब्लीच अगदी शेवटी, आणि फक्त पांढऱ्या शुद्ध सुती कापडावर. रेशीम आणि लोकर त्यात अक्षरशः विरघळायला लागतात, लायक्रा सैल पडतो. काखेतल्या घामाचे पिवळे डागही त्याने आणखी पिवळे होतात.

रंगीत कपडा असेल तर प्रत्येक औषध आधी आतल्या शिवणीवर लावून, दहा मिनिटांनी पांढऱ्या फडक्याने टिपून पाहा. फडक्यावर रंग उतरला तर ते औषध त्या कपड्याचं नाही. कपड्याच्या लेबलवरचं चिन्हही बघा. रिकामा त्रिकोण म्हणजे ब्लीच चालेल, आत दोन तिरप्या रेघा असलेला त्रिकोण म्हणजे फक्त ऑक्सिजन ब्लीच, फुली मारलेला त्रिकोण म्हणजे कुठलंच नाही.

चौथी तपासणी : आठवून पाहा, त्या दिवशी काय खाल्लं-प्यायलं?

इस्त्रीखाली अचानक उठणाऱ्या डागाचं उत्तर बहुतेक वेळा यातच असतं. सरबत, नारळपाणी, उसाचा रस, पांढरं कोल्ड्रिंक. सांडताना फारसा रंग नसतो, वाळल्यावरही दिसत नाही, माणूस विसरून जातो. साखर आणि टॅनिन, म्हणजे चहा-फळांतलं तुरट द्रव्य, धाग्यात राहतात, हवेने आणि उष्णतेने तपकिरी होतात. भारी साडी समारंभानंतर नुसती ड्रायक्लीन करून ठेवली तरी हे घडतं, कारण ड्रायक्लीनिंगचं द्रावण तेल काढतं, साखर काढत नाही. म्हणून साडी देताना दुकानदाराला आवर्जून सांगा, "इथे सरबत सांडलं होतं." जागा दाखवली तर तो ती आधी वेगळी साफ करू शकतो. आम्हाला न दिसणारं तुम्हीच सांगू शकता.

चहा, कॉफी, विड्याचा रंग हे टॅनिनचे डाग. साध्या अंगाच्या साबणाने ते घट्ट बसतात. गार पाण्याने खळबळा, व्हिनेगर-पाणी लावा, मग ऑक्सिजन ब्लीच. दुधाचा चहा असेल तर आत प्रथिनंही आहेत, म्हणून पहिलं पाणी गारच. जांभूळ आणि कोकम यांचा रंग साबणाने निळसर-हिरवट होतो, तिथेही आधी गार पाणी आणि लिंबू. रक्ताला गार मिठाचं पाणी, मग एन्झाइम असलेली धुण्याची पावडर. ती पावडर रेशमाला आणि लोकरीला लावू नका, कारण ती प्रथिनं खाते आणि हे दोन्ही धागे प्रथिनांचेच आहेत.

केळीच्या चिकाचा आणि काजूच्या बोंडाचा वाळलेला डाग मी आजवर पूर्णपणे काढू शकलेले नाही. केळीच्या बागेत काम करणारी माणसं त्यासाठी वेगळे कपडे ठेवतात, तेच खरं शहाणपण.

पाचवी तपासणी : नारिंगी ठिपके, म्हणजे गंज

साडीला लावलेली टाचणी, लोखंडी कपाटाचा गज, जुना पाइप, पत्र्याची पेटी. गंजाला ब्लीच लावलं की तो आणखी पक्का होतो, त्यामुळे ब्लीचने वाढणारा ठिपका गंजाचा समजा. पांढऱ्या सुती कापडावर लिंबू आणि मीठ लावून उन्हात ठेवा, दोन-तीनदा करा. त्याने गेला नाही तर ऑक्सॅलिक ॲसिड लागतं. ते विषारी आहे आणि दिसायला साखरेसारखं. लहान मुलं असलेल्या घरात मी ते आणायला सांगत नाही. एक ठिपका काढून द्यायला लॉन्ड्रीवाला फारसे पैसे घेत नाही.

सोफा आणि गादी

इथे डाग "परत येतो" तो खरोखरच खालून वर येतो. चहा फोममध्ये झिरपलेला असतो, आपण वरचं कापड पुसतो, वाळताना पाणी खालून वर चढतं आणि रंग बरोबर आणतं, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं. जितकं जास्त पाणी ओताल तितकं वलय मोठं.

पाणी कमीत कमी. लिटरभर पाण्यात अर्धा चमचा भांड्यांचं लिक्विड, त्याचा फक्त फेस घ्या. बाहेरून आत टिपत या. मग साध्या ओल्या फडक्याने साबण टिपून काढा, कारण राहिलेला साबण धूळ धरतो आणि महिन्याभरात तिथेच काळा चट्टा होतो. शेवटी जाड कोरडा टॉवेल घडी करून ठेवा, त्यावर दोन-चार जड पुस्तकं, पंखा लावा आणि रात्रभर सोडा. खालून चढणारा रंग टॉवेलमध्ये जातो. सकाळी टॉवेलवर ठसा दिसला तर परत एकदा. तीन रात्रींनंतरही ठसा उतरत असेल, किंवा कुबट वास यायला लागला असेल, तर फोमच्या पोटात पाणी आहे. मशीनने ओढून काढणाऱ्या माणसाला बोलवा.

ओटा, फरशी, नळ

ओला झाला की गायब होणारा आणि वाळला की दिसणारा पांढुरका चट्टा दोन प्रकारचा असतो. बोट फिरवा. खरखरीत, उठलेला लागला तर तो पाण्यातल्या क्षारांचा थर आहे. सपाटच आहे पण तिथली चकाकी गेली आहे, तर दगडच खाल्ला गेला आहे.

कडाप्पा, शहाबादी, कोटा आणि संगमरवर हे सगळे चुन्याचे दगड. लिंबू, व्हिनेगर, चिंच, टॉयलेट क्लीनर यातलं काहीही पडलं की वरचा थर विरघळतो. माझ्या स्वतःच्या कडाप्प्याच्या ओट्यावर लोणच्याच्या बरणीच्या बुडाएवढं पांढरं वर्तुळ आहे, कैऱ्या चिरून ठेवलेलं ताट तिथेच तासभर राहिलं होतं. तेल लावलं की चार दिवस दिसत नाही, मग परत दिसतं. कारण तो डाग नाही, तिथला दगडच कमी झाला आहे. कुठलंही औषध तो भरून काढत नाही, उलट आम्लाचं असेल तर वाढवतं. पॉलिश करणाऱ्यालाच बोलवावं लागतं.

आपला दगड कोणता हे माहीत नसेल तर न दिसणाऱ्या कोपऱ्यात व्हिनेगरचा एक थेंब टाकून जवळून पाहा. बारीक बुडबुडे आले तर चुन्याचा दगड. त्याला फक्त भांड्यांचं लिक्विड आणि पाणी. मोझॅक टाइल्सचंही तसंच, त्यात सिमेंट आणि संगमरवराच्या चिपा असतात. ग्रॅनाइट आणि व्हिट्रिफाइड टाइल्स सौम्य आम्ल सोसतात.

पांढऱ्या संगमरवरावर हळद सांडून मुरली असेल तर खायचा सोडा आणि ३ टक्के पेरॉक्साइड यांचा जाडसर लेप द्या, वर प्लॅस्टिकचा कागद चिकटवा, १२ ते २४ तास ठेवा. दगडात शिरलेला रंग लेप बाहेर ओढतो. काळ्या दगडावर हे करू नका, तो फिका पडू शकतो.

नळावरच्या आणि काचेवरच्या क्षारांना निम्मं व्हिनेगर निम्मं पाणी पुरतं. फडकं भिजवून नळाला १५-२० मिनिटं गुंडाळून ठेवा, मग धुवून कोरडं पुसा. नळ सोनेरी मुलाम्याचा असेल तर नको. आणि बाथरूमचं ॲसिड नळावर ओतू नका, चकचकीत थर उडून खालचं पितळ दिसायला लागतं, टाइल्सच्या सांध्यातलं सिमेंटही झिजतं. कोरडं पुसायची सवय नसेल तर जड पाण्याच्या गावात हे ठिपके येणारच.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फेस काढायची पद्धत सगळीकडे सांगितली जाते. मी ती सोडून द्यायला सांगते. फेस येतो तेव्हा दोघं एकमेकांना संपवत असतात आणि मागे जवळपास खारं पाणी उरतं. वेगवेगळे वापरले तर दोन्ही कामाचे आहेत.

कुठे थांबायचं

पैठणी, जरीची कुठलीही साडी, शालू, लोकरी शाल, आजीच्या कपाटातलं जुनं नऊवारी : पहिल्या तपासणीनंतरच थांबा. आम्लाने आणि ब्लीचने जरीचा धागा काळा पडतो आणि तो परत उजळेलच असं सांगता येत नाही. पाण्याचा एक थेंबही काही रेशमांवर कायमचं वलय सोडतो.

शिवणीवरच्या चाचणीत रंग उतरला तर थांबा. एकाच जागी दोन औषधं लावूनही काही हललं नाही तर तिसरं लावू नका. धागा विसविशीत वाटायला लागला, पृष्ठभागावर लव उठली, तर लगेच थांबा, ते कापड आता डागाशी नाही, तुमच्या हाताशी झुंजतंय. डाग कशाचा हेच कळत नसेल आणि कपडा किमतीचा असेल तरी थांबा. ड्रायक्लीनिंगला द्यायचं तर दोन-तीन दिवसांत द्या, महिन्याने नाही.

देताना एका चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहून कपड्याला टाचा, टाचणीने नाही, दोऱ्याने : काय सांडलं, कधी सांडलं, आणि तुम्ही घरी काय-काय लावलं. लिंबू लावलं असेल तर लिंबू लिहा, ब्लीच लावलं असेल तर ब्लीच लिहा. लोक ओरडा बसेल म्हणून ब्लीचचं सांगत नाहीत. आम्ही त्यावर नेमकं चुकीचं औषध घालतो, आणि मग कपडा दोघांच्याही हातून जातो.